नागपूर वायरलेस, लायडस्खेनडाम

त्या वसंतात आमच्या घरी विषाणू आत येऊ नये म्हणून जेवढी धडपड चालायची, त्याहून जास्त धडपड एकाचा आवाज दुसऱ्याच्या मीटिंगमध्ये जाऊ नये म्हणून चालायची. नेदरलँड्समधल्या लायडस्खेनडाम गावातलं आमचं घर रांगेतलं होतं, भिंती पुठ्ठ्याच्या असाव्यात इतक्या प्रामाणिक. पप्पांनी जेवणाच्या टेबलावर ॲम्स्टरडॅमच्या झुइडास भागातलं आपलं ऑफिस थाटलं होतं आणि सकाळी नऊपासून ते 'यू आर ऑन म्यूट' हे वाक्य निरनिराळ्या लोकांना निरनिराळ्या आदराने सांगत. वर माळ्याच्या खोलीत माझी शाळा भरे. तिच्यात मी कॅमेरा बंद ठेवून पडल्या पडल्या भौतिकशास्त्र शिकायचे, म्हणजे शिकायचे नाही. आई सांडपाण्यावर संशोधन करायची. देशातलं सगळं बंद झालं तरी देशाला शौचालयात जाणं भाग होतं, त्यामुळे घरातल्या चौघांत तिची नोकरी सर्वांत महत्त्वाची ठरली आणि ती रोज सायकल दामटत डेल्फ्टला जाई. आणि हॉलमध्ये सोफ्यावर, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली, आजोबा.

आजोबा नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले होते. ट्यूलिप बघायचे, मुलाचं घर बघायचं, नातीशी (म्हणजे मी, मित्रा) ओळख करून घ्यायची आणि उन्हाळ्याआधी परत, असा बेत. मग विमानं बंद झाली. ट्यूलिपच्या बागाही बंद झाल्या. उरली नात, आणि ती त्यांच्याशी बोलत नव्हती. म्हणजे भांडण नव्हतं. मला मराठी सगळी कळायची. पण तोंड उघडलं की डच नाहीतर इंग्रजी बाहेर पडायची, आणि त्यालाच मी पंधराव्या वर्षी स्वतंत्र बाणा समजायचे. (ज्या मुलीला 'ळ' म्हणता येत नाही तिने बाण्याच्या गोष्टी करू नयेत, हे आता मोठेपणी कळतं.) आजोबांचं इंग्रजी मात्र वेगळ्याच वळणाचं होतं. ते पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागात चौतीस वर्षं होते, त्यामुळे त्यांच्याकडे 'रिपीट', 'स्टँडबाय', 'निगेटिव्ह' असा मोजकाच पण ठणठणीत साठा होता. "जेवलीस काय वं?" असं ते विचारत, मी "निगेटिव्ह" म्हणे, आणि आमचा दिवसाचा संवाद संपे.

त्यांच्या मिठाच्या गुळण्या मात्र संपत नसत. सकाळी साडेनऊला, पप्पांची सर्वांत मोठी मीटिंग रंगात आली की न्हाणीघरातून त्या सुरू होत: आधी खालच्या सुरात, मग घशाच्या तळातून, मग एक दीर्घ गर्जना. एकदा पप्पांच्या वरिष्ठ बाईंनी अत्यंत काळजीने विचारलं की तुमच्याकडे नळदुरुस्ती चालू आहे का. पप्पा "हो" म्हणाले. त्या दिवसापासून आजोबांना दुपारी घराबाहेर फिरवून आणणं हे माझं कर्तव्य ठरलं. "व्यायाम हवा त्यांना," पप्पा म्हणाले. आई भाकरी थापता थापता नुसती हसली. भाकरी हाही त्या काळातला पराक्रमच. सुपरमार्केटमधून यीस्ट आणि मैदा नाहीसे झाले होते, सगळा डच समाज एकाएकी पाव भाजायला लागला होता. पण हेगच्या सुरिनामी हिंदुस्थानींच्या दुकानातलं ज्वारीचं पीठ कोणी साठवलं नाही. आमच्या घरी रोज भाकरी, ठेचा, पाटवडीचा रस्सा. रस्सा उकळला की शेजारचे खिडक्या लावून घेत, आणि तेव्हा आम्हाला वाटे, साथीमुळे लावतात.

सगळेच घरी बसल्यामुळे डच लोकांनी माळे आवरायला काढले. फुटपाथवर खोकी दिसू लागली, त्यांवर 'फुकट, घेऊन जा' अशी चिठ्ठी. त्यातल्या एका खोक्यात, चीज वितळवायचं फॉण्ड्यूचं भांडं आणि बर्फावर घसरायचे बूट यांच्यामध्ये, आजोबांना स्कॅनर सापडला. वॉकी-टॉकीएवढा, काळा, वर रबरी अँटेना. बोलता येत नाही, नुसतं ऐकता येतं. हवेतल्या एकेका फ्रिक्वेन्सीवरून तो सरकत जातो आणि कोणी बोलत असेल तिथे थांबतो. आजोबांनी तो उचलला तेव्हाचा त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. विमानतळावर मला बघताना त्यांनी तो चेहरा केला नव्हता.

पहिला आठवडा त्यांनी सोफ्यावर बसून देश ऐकला. टॅक्सीवाले, बांधकामावरचे क्रेनवाले, स्केव्हनिंगनच्या बंदरातल्या बोटी, विमानतळावर उतरायला एकही विमान नसताना तत्परतेने हवामान सांगणारा एक माणूस. फक्त पोलीस सापडेनात. जिथे असायला हवेत तिथे भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज. मी फोनवर शोधलं आणि त्यांना सांगितलं की इथले पोलीस केव्हाच सांकेतिक यंत्रणेवर गेलेत, बाहेरच्याला नुसतं गुणगुणणंच ऐकू येणार. आजोबांना तो वैयक्तिक अपमान वाटला. "पोलिसांनी काहून लपवावं?" ते म्हणाले. "आमचा आवाज तर पानवाल्यालाही ऐकू जायचा."

पप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं: दोन दिवस कायदा वाचला आणि आम्हाला सोफ्यावर बसवून लॅपटॉपवर तीन स्लाइड दाखवल्या. पप्पांचा या देशाच्या नागरिकत्वाचा अर्ज चालू होता. आजोबांचा व्हिसा जूनमध्ये संपणार होता, मुदतवाढीच्या अर्जाला उत्तर आलेलं नव्हतं. अशा वेळी आपण, पप्पांच्या मते, सरकारच्या नजरेस पडूच नये. कचऱ्याचे डबे सरळ रेषेत ठेवावेत, शेजाऱ्यांशी हवामानावर बोलावं, आणि म्हाताऱ्या माणसाने पोलिसी स्कॅनर घेऊन हिंडू नये.

"ऐकायला बंदी आहे का?" आजोबांनी विचारलं.

"ऐकायला नाही. हवेत आहे ते कोणीही ऐकावं. पण जे ऐकलं ते कोणाला सांगायचं नाही. आणि त्यावरून काही करायचंही नाही."

"म्हणजे ऐकायचं आणि गिळायचं?"

"एक्झॅक्टली," पप्पा म्हणाले आणि तिसरी स्लाइड बंद केली.

मी ज्या ठिकाणी आजोबांना फिरायला न्यायचे ते वासेनारच्या पलीकडचं वाळूच्या टेकड्यांचं राखीव रान होतं, पलीकडे समुद्र. आजोबांसाठी आम्ही एक जुनी सायकल घेतली होती. तिला ब्रेकचा दांडाच नव्हता, पायडल उलटं मारलं की ती थांबे. आजोबांना सवय होती उतारावर पायडल सहज उलटं फिरवायची. त्यामुळे पहिला आठवडा ते जिथे थांबायचं तिथे जायचे आणि जिथे जायचं तिथे थांबायचे. पण पाय मजबूत होते. पुढच्या लाकडी खोक्यात स्कॅनर, पाण्याची बाटली, भाकरीची पुरचुंडी, आणि तासाभरात आम्ही टेकड्यांच्या फाटकाशी.

फाटकाशी वनरक्षक असायचे. हिरवी जाकिटं, कमरेला वॉकी-टॉकी. देशाने 'इंटेलिजंट लॉकडाऊन' जाहीर केला होता, म्हणजे लोक आपण होऊन शहाण्यासारखे वागतील अशी अपेक्षा होती, आणि ते वागतात की नाही हे बघायला हिरव्या जाकिटातली माणसं ठेवली होती. दोघांत दीड मीटर. कुत्र्याला पट्टा. वाट सोडायची नाही. तारांच्या आत तर अजिबात नाही, तिथे पक्ष्यांनी अंडी घातलेली असत. आजोबा बाकावर बसले, त्यांनी एका वनरक्षक बाईंकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "अँटेना पाह्य. एवढी लांब म्हणजे व्हीएचएफ. जुना सेट हाय. हे लोक उघडं बोलून राहिले, गुणगुणणं नाही."

पुढे तीन दुपारी आम्ही त्या बाकावर काढल्या. त्यांची पद्धत अशी: बाईंनी सेट तोंडाशी नेला की स्कॅनर फिरता सोडायचा. बाईंचं बोलणं संपायच्या आत तो योग्य जागी पोचला नाही तर हा प्रयत्न फुकट, पुढच्यासाठी थांबायचं. जिथे थांबला आणि नुसताच कोणी शेतकरी निघाला ती जागा वहीत काट मारून वगळायची. मी कंटाळून वाळूत काड्या खुपसत होते. तिसऱ्या दुपारी बाईंनी सेट उचलला, त्यांचे ओठ हलले, आणि आजोबांच्या मांडीवरून त्यांचाच आवाज आला: "मोमेन्त्ये." स्कॅनरच्या पडद्यावर सिग्नलच्या सगळ्या रेघा उभ्या राहिल्या. आजोबांनी तो आकडा वहीत लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि स्कॅनर माझ्या कानाला लावला. "आता सांग," ते म्हणाले, "काय बोलून राहिली ते."

मी इंग्रजीत सांगायला लागले. त्यांनी मान हलवली. "मराठीत. मला डचही येत नाही, तुझं ते धावतं इंग्रजीही कळत नाही."

माझ्या आयुष्यातली पहिली लांब मराठी वाक्यं अशी त्या वनरक्षकांची होती. "एक कुत्रा सैल आहे," मी म्हणाले. "मोकाट," आजोबांनी दुरुस्त केलं. "तीन माणसं बसली आहेत, ती एका घराची नाहीत." "एका घरातली." राष्ट्रीय संकट टेकड्यांवर कसं दिसतं हे मला त्या दिवसांत तपशीलवार कळलं. सायकलवाला पायवाटेवर. दोन बायका दीड मीटरवर आहेत, पण बाटली एकच. एक गृहस्थ कपड्यांशिवाय ऊन खात आहेत, मात्र एकटेच आहेत, तेव्हा साथीच्या नियमांचा भंग नाही. आजोबा हे सारं गंभीरपणे वहीत उतरवत: वेळ, आवाज कोणाचा, जोर किती. माणसांना त्यांनी नावं ठेवली. केंद्रावरचे वयस्कर गृहस्थ 'हेडसाहेब'. एक तरुण बटण दाबायच्या आधीच बोलायला लागे आणि त्याचा पहिला शब्द कायम तुटे, तो 'घाई'. आणि प्रत्येक वाक्याआधी 'मोमेन्त्ये' म्हणजे 'एक मिनिट' म्हणणाऱ्या त्या बाई, 'मोमेंतबाई'. त्या मात्र कामात चोख. बटण दाबून क्षणभर थांबणार, मग बोलणार. "शिकवलेली हाय," आजोबा समाधानाने म्हणत. माझ्याबद्दल त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

जूनमधल्या त्या दुपारी वारा जबर होता. मी ऑनलाइन वर्गाला आजारी असल्याचं कळवलं होतं. त्या दिवसांत आजाराचं नाव काढलं की कोणी पुढचं विचारत नसे. आम्ही नेहमीपेक्षा उंच टेकडीवर चढलो होतो. आजोबा भाकरीचा तुकडा मोडत होते आणि हेडसाहेब स्कॅनरमधून मोमेंतबाईंना हाक मारत होते. एकदा. दोनदा. त्या उत्तर देईनात. घाई मध्येच म्हणाला की त्या जेवायला गेल्या असतील. मग शांतता. आणि त्या शांततेत, खरखरीच्या तळाशी, काहीतरी होतं.

आजोबांनी भाकरी खाली ठेवली. स्कॅनरवर आवाजाची गाळणी लावणारी एक गोल कळ असते. ती त्यांनी पूर्ण उघडली. सगळी खरखर धो धो बाहेर आली आणि तिच्यात एक बाई तुकड्यातुकड्यांनी बोलत होती.

"काय म्हणते?"

"पाय," मी म्हणाले. "पडले. पाय... उठता येत नाही. जुन्या पंपाजवळ." आणि लगेच हेडसाहेबांचा खणखणीत प्रश्न: कुठे आहेस, उत्तर दे.

"ते तिला ऐकू शकत नाहीत," आजोबा म्हणाले. "ती खड्ड्यात हाय. मध्ये टेकडी. आपण वर आहोत म्हणून आपल्याला येऊन राहिलं." ते उभे राहिले, स्कॅनर छातीशी धरला आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरू लागले. लांबून एखाद्याला वाटलं असतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. एका बाजूला पाठ झाली की आवाज बुडे, कारण त्यांचंच शरीर आड येई. तिकडे तोंड केलं की वर येई. तीनदा फिरून त्यांनी हात लांबवला. हात तारेच्या कुंपणापलीकडे गेला होता.

मी पप्पांना फोन केला. मला त्याची आज लाज वाटत नाही. पंधरा वर्षांची मुलगी कोणाला फोन करणार? पप्पांनी मीटिंगमधूनच उचलला आणि कुजबुजत सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मित्रा, लिसन. तिचे लोक तिला शोधतील. यू हर्ड नथिंग. तुम्ही तारेच्या आत जायचं नाही. आजोबांचा व्हिसा काय आहे ते माहिती आहे ना? उद्या मलाच विचारतील की हे ऐकत कसे होते. घरी या."

आजोबांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"राहुल," ते म्हणाले, "चौतीस वर्षं मी ऐकलं आणि पुढे दिलं. अपघात, दंगा, पूर. रात्रपाळीत झोप लागू नये म्हणून मिरची चावली. ऐकून गप्प बसायची ड्यूटी मला कोणी कधी लावली नाही, आणि आता तूही लावू नको. तुझी मीटिंग चालू दे." फोन त्यांनी मला परत दिला. तो बंद करायचा कसा, ते त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे पप्पांचा श्वास मला बराच वेळ ऐकू येत होता.

तारेखालून आधी मी गेले, मग आजोबा. अंड्यांवर बसलेले पक्षी प्रचंड ओरडत उठले. नियमभंग याहून जाहीरपणे करता येत नाही. दहा-पंधरा मिनिटं चढउतार, मध्ये थांबून आजोबांची ती गिरकी, पुन्हा चालणं. उतरणीच्या तळाशी, गंजलेल्या पंपाच्या चौथऱ्याजवळ मोमेंतबाई पडल्या होत्या. वय असेल तिशीचं. पाय घोट्याशी जिकडे वळायला नको तिकडे वळलेला, चेहरा कागदासारखा. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "इथे यायला परवानगी नाही."

मी ते भाषांतर केलं. आजोबांनी मान डोलावली. "बरोबर बोलते," ते म्हणाले. "ड्यूटीवर हाय."

मग त्या जरा भानावर आल्या आणि हात वर करून म्हणाल्या, "दीड मीटर." आजोबा जिथे होते तिथेच उभे राहिले. अंगातला कोट काढून त्यांनी दीड मीटरवरून बाईंच्या अंगावर टाकला, तो वाऱ्याने उडून माझ्या तोंडावर आला, मी पुन्हा टाकला. बाईंचा मोबाइल गाडीत राहिला होता आणि माझ्या फोनची बॅटरी पप्पांच्या कॉलमध्येच संपली होती. आजोबांनी त्यांच्या सेटकडे बोट दाखवलं. बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे, आणि सेट वाळूवरून सरकवला.

आजोबा तो घेऊन टेकडीवर चढले. मी मागे. वर पोचल्यावर त्यांनी दम खाल्ला, शर्टाची कॉलर नीट केली (कोणासाठी, देव जाणे), अँटेना सरळ वर धरली, बटण दाबलं, क्षणभर थांबले. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी ते बटण त्यांच्या अंगठ्याखाली आलं होतं.

"कंट्रोल, कंट्रोल. मेसेज फॉर यू. वन ऑफिसर इंजर्ड. लेग. लोकेशन ओल्ड पंप. आय से अगेन, ओल्ड पंप. ओव्हर."

हेडसाहेबांच्या सगळ्या नोकरीत त्यांना असा आवाज ऐकू आला नसावा. शेवटी ते इंग्रजीत म्हणाले, "हू इज धिस?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा बटण दाबलं, थांबले, आणि म्हणाले, "नागपूर वायरलेस. ओव्हर."

गाडी वीस मिनिटांत आली. हेडसाहेब प्रत्यक्षात उंच, पांढऱ्या मिशांचे निघाले. घाई खरंच घाईत होता, स्ट्रेचरचा पट्टा त्याने दोनदा उलटा लावला. मोमेंतबाईंना नेलं. मग हेडसाहेब आमच्याकडे वळले आणि अपेक्षेप्रमाणे ओळखपत्र मागितलं. आजोबांच्या पासपोर्टमधला व्हिसा संपून नऊ दिवस झाले होते. हेडसाहेबांनी तो पाहिला. स्कॅनर पाहिला. मग वही मागितली आणि पानं उलटत राहिले.

"किती दिवस ऐकताय आम्हाला?"

"एप्रिलपासून," मी म्हणाले. खोटं बोलायचं होतं, पण वहीत सगळ्या तारखा होत्या.

"आणि हे काय? नावं आहेत?" पुन्हा पुन्हा येणाऱ्या तीन मराठी शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं.

मी नावं सांगितली, अर्थांसकट. घाईचे कान लाल झाले. हेडसाहेबांनी आपलं नाव दोनदा म्हणवून घेतलं, चेहऱ्यावरची रेघ न हलवता वही बंद केली आणि म्हणाले, ही आमच्याकडे राहू दे.

महिन्याभरात आम्हाला दोन पत्रं आली, एकाच दिवशी, एकाच पद्धतीच्या लिफाफ्यातून. एकात, दाखवलेल्या तत्परतेबद्दल मनःपूर्वक आभार. दुसऱ्यात, पक्ष्यांच्या विणीच्या काळात निषिद्ध क्षेत्रात प्रवेश केल्याबद्दल ताकीद. दोन्हींखाली हेडसाहेबांचीच सही, तीही सारख्याच वळणाची. आजोबांनी दोन्ही पत्रं कपाटावर शेजारी शेजारी ठेवली. "असं खातं पाहिजे," ते म्हणाले. वही मात्र परत आली नाही. एका परक्या म्हाताऱ्याने तीन महिन्यांत आपलं सगळं जाणून घेतलं हे वर कोणालातरी कळलं असावं. पुढच्या वर्षी त्या रानातले सेट बदलले आणि तिथेही भुंगा गुणगुणू लागला. नागपूरला फोन करून मी हे सांगितलं तेव्हा आजोबा म्हणाले, "बरोबर केलं त्यांनी." ते त्यानंतर आणखी काही वर्षं जगले, आणि मराठीतल्या माझ्या चुका शेवटपर्यंत फोनवर सुधारत राहिले.

पप्पांचं मात्र त्या दुपारनंतर काहीतरी बिनसलं होतं. ते आजोबांना रागावले नाहीत, हीच मोठी विचित्र गोष्ट. संध्याकाळी ते नुसते टेबलाशी बसून राहिले. रस्सा गार झाला. आईने विचारलं, काय झालं. "काही नाही," ते म्हणाले. "मी तिला सांगितलं, यू हर्ड नथिंग. आणि पुन्हा मीटिंगमध्ये गेलो. कशावर मीटिंग होती ते आठवत नाहीये." आईने त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. आई शास्त्रज्ञ होती. पुरावा समोर असताना ती भाष्य करत नसे.

जुलैमध्ये व्हिसाच्या मुदतवाढीसाठी इमिग्रेशनच्या कार्यालयात बोलावणं आलं. पप्पा, आजोबा आणि दुभाषी म्हणून मी. काचेपलीकडे एक तरुण अधिकारी, मास्क आणि थकलेले डोळे. त्याने यादी वाचायला सुरुवात केली: परतीचं विमान, विमा, राहण्याची सोय. पप्पा कागद सरकवत होते, सगळे क्रमाने लावलेले, रंगीत खुणांसह. मग त्याने मान वर न करता विचारलं, "मुक्कामात पोलीस किंवा अन्य कायदा राबवणाऱ्या यंत्रणेशी काही संबंध?"

पप्पा गेली बारा वर्षं या देशात या प्रश्नाची वाट बघत होते आणि त्याचं उत्तर त्यांना झोपेतही पाठ होतं. मी ते भाषांतरित करायलाही तयार होते. नाही. एवढंच.

"हो," पप्पा म्हणाले.

अधिकाऱ्याने मान वर केली. आणि पप्पांनी, जे कामावर इंग्रजी आणि दुकानात खुणा यांवर निभावत आले होते, त्यांनी डचमध्ये सांगायला सुरुवात केली. स्कॅनर. टेकडी. वारा. क्रियापदं वाक्याच्या भलत्याच टोकांना जात होती, नामांआधी 'द' की 'हेत' हे मनाला येईल तसं लागत होतं. म्हाताऱ्याने जागच्या जागी फिरून दिशा कशी काढली हे दाखवण्यासाठी पप्पा काचेसमोर लॅपटॉपची बॅग छातीशी धरून गोल फिरले. ते तिथे नव्हतेच, पण त्यांनी एकही तपशील गाळला नाही. आपण फोनवर काय म्हणालो तेही नाही. ते सांगताना आवाज जरा खाली गेला, मग पुन्हा वर आला. मागची रांग वाढत होती. दीड मीटरच्या खुणांवर उभे असलेले लोक अर्ध्या मीटरने पुढे सरकले होते, ऐकायला.

"मेनेर," अधिकारी शेवटी म्हणाला, "मला फक्त हो किंवा नाही एवढंच हवं होतं."

"माहिती आहे," पप्पा म्हणाले. "पण अजून सांगून व्हायचंय." आणि त्यांनी दोन्ही पत्रं बाहेर काढली.

आजोबा माझ्या शेजारच्या खुर्चीवर ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर. त्यांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "एवढा वेळ काय सांगून राहिला तो?"

"तुमच्याबद्दल," मी म्हणाले.

"खरं सांगून राहिला का?"

"थोडं वाढवून सांगतायत."

आजोबांनी काचेसमोरच्या आपल्या मुलाकडे पाहिलं. "सांगू दे," ते म्हणाले.